दाणा दुप्पट, रास केवढी?

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत सगळी घरे भरून द्या, असे बुद्धिबळ काढणाऱ्याने मागितले आणि राजा हसला. ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. राजाचे तरी काय चुकले? गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. त्या हिशोबाने विसाव्या घरात जेमतेम २१ किलो गहू येतो. चाळिसाव्यात मात्र २२ हजार टन! आणि सगळ्या घरांचे मिळून दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

एकं, दहं, शतं म्हणत चढत गेलो तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त शेवटचे नाव येते परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपला आकडा १८४ परार्धांच्या वर जातो. वजन सुमारे ७४ हजार कोटी टन. आज सारे जग मिळून वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकवते. नऊशे वर्षांची सुगी झाली की ही!

एवढी बेरीज करायची कशी? ६४ रकमा मांडायचे कारण नाही. ओटीवर ज्वारीचे दाणे घेऊन बसा आणि १, २, ४, ८ अशा चार ढिगल्या करा. आता शेजारून एक दाणा उसना आणा नि पहिल्या ढिगलीत टाका. दोन झाले. ते दुसरीत ओता, चार झाले. ते तिसरीत ओता, आठ. चौथीत ओता, सोळा. उसना दाणा परत करा, उरले पंधरा. म्हणजे सगळ्या घरांची बेरीज पुढच्या घराहून एकाने कमी. पासष्टावे घर असते तर त्यात जेवढे दाणे पडले असते, त्यातून एक वजा केला की आपला आकडा तयार.

त्याच्या शेवटी ५ आहे, तेव्हा पाचाने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून तिनानेही जातो, नवाने नाही. पुरता फोडला तर ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा गुणाकार निघतो. यातल्या ६४१ने मोठ्या गणितीला चकवले आहे. तेहतिसाव्या घरातल्या दाण्यांत एक मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ होतात. ही संख्या मूळच, असे फ्रान्सच्या फर्माला वाटे. १७३२ साली ऑयलरने तिला ६४१ने भागून दाखवले.

हीच दुप्पट कर्जाच्या खतावरही चढते. शेकडा दोन रुपये महिना, तेही चक्रवाढीने, म्हणजे दर ३५ महिन्यांनी रक्कम दुप्पट. दहा दुपटी म्हणजे १,०२४ पट. आजोबाने घेतलेल्या शंभर रुपयांचे २९ वर्षांत १,०२,४०० होतात. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात यावर दामदुपटीचा नियम होता: एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येत नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. पटाच्या भाषेत सांगायचे तर सावकाराला दुसऱ्याच घरात थांबवले होते.