आठवण बाळाची की वाढवणाऱ्यांची?

बाळाच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी जपण्यासाठी छापील वह्या मिळतात. पावलाच्या ठशाची चौकट, पहिल्या दाताची तारीख, जावळाची पुडी, दर महिन्याचे छायाचित्र. या हौसेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या रचनेला. त्यांत बाळ सर्वत्र आहे. त्याला वाढवणारी माणसे मात्र केवळ नावापुरती.

वस्तुतः तान्हेपणातले कोणालाच आठवत नाही. ते आपल्याला इतरांनी सांगितलेले असते. म्हणजे बालपणीची पहिली आठवण ही मुळात सांगणाऱ्याची आठवण असते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात श्यामचे बालपण लिहिले, आणि पुस्तकाला नाव मिळाले ते आईचे. मराठी वाचकाला याहून वेगळा दाखला नको.

आमच्या मेढ्याच्या परिसरात हे काम वाकळीने केले. आजीचे जुनेर, आईचे विटके पातळ, आजोबांचे धोतर यांचे थर धावदोऱ्याने शिवून ती बाळाच्या अंगाखाली येई. कोणते ठिगळ कोणाचे, हे शिवणारीला ठाऊक असे. ती सांगते आहे तोवर वाकळ ही आठवण. तिच्या माघारी उरते ते नुसते अंथरूण.

जावळी खोऱ्यातील कित्येक घरांतले कर्ते पुरुष माथाडी कामासाठी मुंबईला गेले, आणि मुले आजीच्या मांडीवर वाढली. लोकसाहित्याच्या तासाला आम्ही लहानपणीची एखादी वस्तू आणायला सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने अशीच वाकळ आणली. हिरव्या काठाचे ठिगळ कोणाचे, असे विचारताच ती म्हणाली, "आजी होती तेव्हा विचारायचं राहिलं, सर." त्यावर वर्गात कोणी काही बोलले नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांचे मोल केवळ संख्येत नाही; ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदले गेले, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. एरवी लोकसाहित्याच्या संग्रहांतून 'एक स्त्री' एवढीच ओळख उरते.

घरातही हे करता येईल. एक शंभर पानी वही पुरे. एका पानावर आजीचे पाळण्याचे गाणे, तिच्या उच्चारांसकट, शुद्धलेखन न सुधारता. दुसऱ्यावर बाळाचे बोबडे शब्द आणि ते प्रथम कोणाला समजले याची नोंद. तिसऱ्यावर वाकळीचा नकाशा, ठिगळ आणि नाव. आजीला लिहिता येत नसेल तर मोबाइलवर तिचा आवाज घ्यावा; नाव, गाव तिनेच सांगावे.

हा गृहपाठ भाषेच्या शिक्षकांनी द्यावा, असे आम्ही सुचवतो. आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. बाळाची छायाचित्रे पुढेही निघतील. आजीला विचारण्याचे मात्र लांबणीवर टाकू नये.