भाव आणि वकूब

घोड्यांच्या शर्यतींचा विषय निघाला की आमच्या शहरांतील सुशिक्षित मंडळींत तत्काळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा शुद्ध जुगार. भल्या माणसाने त्याकडे डोळा उचलूनही पाहू नये. दुसरा म्हणतो, ही पारख आहे, विद्या आहे. आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतून आलेल्या एका खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वेकरून कौशल्याचा खेळ आहे असा निवाडा दिल्यापासून ह्या दुसऱ्या तटाचा आवाज बराच चढलेला आहे. कौशल्य आहे, हे आम्हांस मान्य. परंतु ते किती, कोणाचे, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न दोन्ही पक्ष न विचारताच भांडत राहतात. ते तपासावयाचे झाल्यास आमच्या महालक्ष्मीच्या सपाट धावेपेक्षा इंग्लंड-आयर्लंडातील अडथळ्यांच्या शर्यती अधिक उपयोगी पडतील; कारण तेथे पारख आणि दैव ह्यांची झुंज उघड्यावर, हजारो लोकांच्या देखत होते.

ह्या शर्यतींची परंपरा जुनी आहे. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघा गृहस्थांनी एका चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या चर्चच्या शिखरापर्यंत, वाटेत येईल ती भिंत, येईल तो चर ओलांडीत घोडे फेकले, आणि त्यावरूनच ‘स्टीपलचेस’ हे नाव पडले, असे सांगतात. आज त्या भिंतींच्या जागी मोजूनमापून बांधलेली कुंपणे आहेत. शर्यतीच्या दिवशी सकाळी तिकडील पत्रांत प्रत्येक घोड्याच्या यशाचा अजमास छापून येतो. घोड्याच्या नावाआधी मागील धावांचे आकडे असतात. कितवा आला तो आकडा, पडला असेल तर ‘एफ’, स्वार उधळून पडला असेल तर ‘यू’, आणि दमल्यामुळे मध्येच लगाम खेचून थांबविला असेल तर ‘पी’. ज्याच्या नावाआधी ‘एफ’ वारंवार दिसतो तो कितीही वेगवान असो, त्याच्यावर भरवसा ठेवणारा मनुष्य गळक्या होडीत माल भरणाऱ्या व्यापाऱ्याइतकाच शहाणा म्हणावयाचा. ह्याखेरीज जमीन पाहावी लागते. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर जो घोडा सिंह, तोच टणक जमिनीवर शेळी होतो. मग अंतर, स्वार, तबेला, मागील धावेपासून मिळालेली विश्रांती. हे सारे जो मनापासून अभ्यासतो त्याची विद्या खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. कापसाच्या भावाचा किंवा गिऱ्हाइकाच्या पतीचा अजमास आमचे व्यापारी ज्या बुद्धीने करतात, तीच बुद्धी येथेही लागते.

परंतु ही विद्या सर्व शर्यतींत सारखी चालत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट भविष्ये वर्तविणारे झाकून ठेवतात. चेल्टनहॅमचा ‘गोल्ड कप’ घ्या. सव्वातीन मैलांच्या वरचे अंतर, बावीस अडथळे, आणि वय वा घोडी म्हणून मिळणारी सूट सोडल्यास सर्वांच्या पाठीवर सारखेच वजन. अशा ठिकाणी वकूब बहुधा वर येतो. ‘गोल्डन मिलर’ने १९३२ ते १९३६ अशी लागोपाठ पाच वर्षे तो जिंकला, ‘आर्कल’ने १९६४ पासून तीन, आणि ‘बेस्ट मेट’ने २००२ पासून तीन. तरी तेथेदेखील १९९० साली वेल्समधील एका दूधवाल्या शेतकऱ्याने तयार केलेला ‘नॉर्टन्स कॉइन’ एकास शंभर भावाने पहिला आलाच.

आता लिव्हरपूलजवळच्या एंट्रीची ‘ग्रँड नॅशनल’ पाहा. ही शर्यत हँडिकॅपची, म्हणजे जो घोडा अधिक समर्थ त्याच्या पाठीवर अधिक शिसे. तीन मैलांच्या धावेत एक पौंड वजन म्हणजे सुमारे एक घोडालांबी, असा तिकडील ठोकताळा आहे. वजने ठरविणाऱ्या अधिकाऱ्याचे सारे कौशल्य सर्व घोडे एकाच क्षणी शेवटच्या खुणेवर यावेत ह्यासाठी खर्ची पडते. म्हणजे एका जाणत्याने आपली पारख वापरून घोड्याघोड्यांतील अंतर आधीच पुसून टाकलेले असते, आणि त्यानंतर आपण आपली पारख घेऊन तेथे जातो! त्यावर सव्वाचार मैलांहून अधिक अंतर आणि तीस उड्या. १८३९ साली येथे पहिल्या आलेल्या घोड्याचे नाव ‘लॉटरी’ होते, हा केवळ योगायोग. पण इतका समर्पक योगायोग क्वचितच घडतो.

१९२८ साली ह्या शर्यतीत बेचाळीस घोडे सुटले. एका वळणावर पुढचा घोडा कुंपणावरच अडकला, मागून येणारे एकमेकांवर आदळले, आणि अखेर न पडता शेवटपर्यंत पोहोचला तो एकटा ‘टिपररी टिम’. भाव एकास शंभर. दुसरा आलेला घोडा शेवटच्या अडथळ्यावर पडून पुन्हा उठलेला होता. १९६७ साली तर तेविसाव्या, म्हणजे सर्वांत लहान अडथळ्यांपैकी एका अडथळ्यापाशी एक मोकाट घोडा आडवा धावला आणि साऱ्या मेळ्याचा गुंता झाला. ‘फॉइनाव्हॉन’ इतका मागे होता की त्याच्या स्वारास हा गोंधळ पाहून वाट काढावयास वेळ मिळाला. मागे असणे हाच त्याचा गुण ठरला! त्याचा प्रशिक्षक त्या दिवशी एंट्रीला हजरही नव्हता. अशा निकालाचे भविष्य कोणत्या विद्येने वर्तवावे, हे कौशल्यवाद्यांनी आम्हांस सांगावे.

आमच्याकडे पंचांगावर जशी श्रद्धा, तशी तिकडे जुन्या आकड्यांवर श्रद्धा आढळते. १९४० सालानंतर सात वर्षांच्या घोड्याने ‘ग्रँड नॅशनल’ जिंकली नव्हती. तेवढ्यावरून सात वर्षांच्या घोड्यास ती जिंकताच येत नाही असा जणू सिद्धान्त होऊन बसला होता. २०२२ साली ‘नोबल येट्स’ ह्या सात वर्षांच्या घोड्याने एकास पन्नास भावाने तो मोडला. स्त्री स्वारांविषयीही असेच झाले. १९७७ साली शार्लट ब्रू ही पहिली स्त्री ह्या शर्यतीत उतरली, तेव्हा बायकांच्या मनगटात एवढे बळ कोठून येणार, असे म्हणणारे पुष्कळ होते. २०२१ साली रेचल ब्लॅकमोर हिने ‘मिनेला टाइम्स’वर बसून ती जिंकली आणि पुढच्याच वर्षी ‘गोल्ड कप’ही घेतला. जे अद्याप घडलेले नाही ते घडूच शकत नाही, असे मानण्याची ही खोड आमच्या समाजसुधारणेच्या वादांत वाचकांनी पुष्कळदा पाहिलेली आहे. ती घोड्यांच्या मैदानावरही तशीच भेटावी ह्यात नवल नाही.

आता पैशाकडे वळू, कारण आमच्या व्यापारी वाचकांचे लक्ष तेथेच असणार. बुकी जो भाव सांगतो तो घोड्याच्या वकुबाचा अंदाज नव्हे. ती विक्रीची किंमत आहे. तीन घोडे आहेत असे समजा. एकाचा भाव एकास एक, दुसऱ्याचा एकास दोन, तिसऱ्याचा एकास तीन. ह्या भावांचा अर्थ शेकड्यात मांडला तर पहिल्याची संधी पन्नास, दुसऱ्याची तेहतीस व एक तृतीयांश, तिसऱ्याची पंचवीस. बेरीज एकशे आठ व एक तृतीयांश. परंतु तिघांपैकी एकच जिंकणार, तेव्हा खरी बेरीज शंभरच असली पाहिजे. वरचे आठ कोणाचे? ज्या बुकीकडे ह्या प्रमाणात पैसे जमले, तो कोणताही घोडा आला तरी जमेतून शेकडा सुमारे पावणेआठ घरी नेतो. हे तीन घोड्यांचे झाले. चौतीस घोडे असतील आणि प्रत्येकाच्या भावात शेकडा एक इतकीच भर घातलेली असेल, तरी बेरीज चौतिसाने फुगते. धान्याच्या पेढीवर अदपावाचा काटा सहन न करणारा आमचा दुकानदार हा फुगवटा मात्र कधी मोजीत नाही!

५ एप्रिल २०२५ ची शर्यत घ्या. ‘इरोको’ हा सर्वांचा आवडता. भाव दोनास तेरा. ह्या भावावरूनच त्याच्या हरण्याची संधी शेकडा शहाऐंशीहून अधिक निघते, तरी पण लावणाऱ्यांस तो ‘नक्की’ वाटत होता. तो चौथा आला. जिंकला ‘निक रॉकेट’, एकास तेहतीस भावाने. हा काही फॉइनाव्हॉनसारखा अपघाती विजेता नव्हे. त्याच हिवाळ्यात त्याने आयर्लंडात गाउरन पार्क व फेअरीहाउस येथे दोन नामांकित शर्यती मारल्या होत्या, आणि पहिले तिन्ही घोडे विली मुलिन्स ह्या एकाच प्रशिक्षकाच्या तबेल्यातले निघाले. तेव्हा पारखीस येथे वाव होता, हे आम्ही प्रामाणिकपणे नोंदवितो. मात्र तिन्ही घोड्यांचा प्रशिक्षक एकच असता कोणता पुढे येईल हे ज्याने आदल्या दिवशी छातीठोक सांगितले असेल, त्याचे आम्ही अभिनंदन करू. त्याच्या सल्ल्याने पैसे मात्र लावणार नाही.

आणि आमच्याकडे तर सरकारचाही वाटा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून शर्यतीच्या पणाच्या पूर्ण रकमेवर शेकडा अठ्ठावीस वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेकडा चाळीस झाला. न्यायालयाने कौशल्य मान्य केले म्हणून ह्या बोज्याखाली कौशल्याने नफा काढता येईल, असे समजणाऱ्याने एकदा पाटी-पेन्सिल घेऊन बसावे.

ह्या साऱ्या हिशेबात घोड्याची बाजू कोठेच मांडली जात नाही. २०१२ साली ‘ग्रँड नॅशनल’मध्ये दोन घोडे प्राणास मुकले, त्यानंतर कुंपणांतील लाकडी गाभा काढून मऊ प्लास्टिकचा घातला गेला. २०२३ साली आणखी एक गेला. त्याच दिवशी निदर्शकांनी मैदानात शिरून शर्यत लांबविली होती. पुढच्या वर्षी घोड्यांची कमाल संख्या चाळिसांवरून चौतिसांवर आणली गेली, पहिला अडथळा साठ यार्ड अलीकडे घेण्यात आला, अकरावा दोन इंच उतरविला. २०२४ साली बत्तीस घोडे धावले आणि एकही पडला नाही. सुधारणेने खेळ बुडतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. परंतु २०२५ साली चौतिसांपैकी सोळाच शेवटास पोहोचले, आणि तेरा वर्षांचा एक घोडा, आघाडीवर राहून शेवटी गळून गेलेला, शर्यतीनंतर कोसळला व काही दिवसांनी मेला. घोडा थकून मागे पडत असताही दौड चालू ठेवल्याबद्दल त्याच्या स्वारास दहा दिवसांची बंदी झाली. त्या सकाळच्या अजमासात घोड्याचे वय छापलेले होतेच. त्याचा उपयोग तो जिंकेल की नाही एवढे ठरविण्यापुरताच वाचकांनी केला.

अजमास छापूच नये असे आमचे म्हणणे नाही. सात शर्यतींचा दिवस असेल तर प्रामाणिक अजमास करणाऱ्याने लिहावे की, दोहोंत मला काही कळते, तिहींत माझे नुसते मत आहे, उरलेल्या दोहोंत मला काहीही कळत नाही. भावांच्या शेजारी त्यांची शेकडेवारीची बेरीज छापावी, म्हणजे बुकीचा वाटा वाचकास दिसेल. तिकडील काही पत्रे आपल्या भविष्यकारांच्या रोजच्या एकेका सर्वोत्तम शिफारशीचा नफातोटा सारखा पण धरून छापतात, ही चाल चांगली आहे. पण ती एका घोड्यापुरती नको. त्याने वर्षभरात सुचविलेल्या प्रत्येक घोड्यावर एकेक रुपया लावला असता दिवाळीस वहीत काय उरले असते, ते कराची वजावट करून, त्याच्या नावाखाली, त्याच अक्षरांत छापले जावे.