गावाकडून मराठीकडे

इटालियन शिकणारा माणूस पहिल्या काही आठवड्यांतच आपल्या गावाबद्दल लिहू लागतो. गाव केवढं आहे, बाजार कोणत्या वारी भरतो, सुट्टीच्या दिवशी तू काय करतोस, घरी काय शिजतं, असे प्रश्न त्याला विचारले जातात आणि मोडक्यातोडक्या वाक्यांत का होईना, तो उत्तरं देतो. यामागे विचार आहे. युरोपीय परिषदेनं २००१ साली परकीय भाषांसाठी ज्या पातळ्या आखून दिल्या, त्यांच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर नेमकी हीच अपेक्षा ठेवली आहे. राहतो ते ठिकाण, घरची माणसं, रोजची कामं आणि आवडीनिवडी यांबद्दल साध्या शब्दांत सांगता यायला हवं. इटलीतल्या पेरुजा शहरात खास परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ आहे. तिथल्या परीक्षाही याच पातळ्यांवर बेतलेल्या आहेत.

परदेशातल्या मराठी शाळांमध्ये सुरुवात बहुधा निराळी होते. बाराखडी, श्लोक, सणांची माहिती, शिवरायांच्या गोष्टी असा क्रम असतो, आणि यातलं काहीही कमी करावं असं नाही. पण ‘माझे गाव’ हा निबंध आला, की मुलांच्या वहीत झुळझुळ वाहणारी नदी, हिरवीगार शेतं आणि टेकडीवरचं देऊळ उतरतं. हा निबंध कुठल्याही गावाला लागू पडतो. ज्या मुलाचे आजी-आजोबा निपाणीत राहतात, त्याच्या निबंधात निपाणी नसते, तिथला तंबाखू नसतो, आजीच्या तोंडचं एकही वाक्य नसतं.

परदेशातल्या मराठी मंडळांच्या शाळांनी पहिलं वर्ष मुलांच्या मूळ गावांवर उभं करावं. त्यासाठी नमुना शोधायचा तर तो कर्नाटकातल्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात शोधावा. परदेशातलं मराठी मूल घराचा उंबरा ओलांडताच दुसऱ्या भाषेत शिरतं. सीमाभागातली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली आहेत आणि तरीही त्यांची मराठी टिकली आहे. या अनुभवाची शिदोरी पुण्या-मुंबईकडे नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडे खानापूरच्या बाजूला धो-धो पाऊस आणि भातशेती. पूर्वेकडे सरकावं तसा पाऊस कमी होतो आणि ताटात भाताची जागा जोंधळ्याची भाकरी घेते. तिच्यासोबत शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी येते, वर लोण्याचा गोळा. पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी. शहराचं नाव सांगणारे गोड पदार्थ दोन. एक कुंदा, दूध आणि साखर तासन्‌तास आटवून केलेला, तपकिरी आणि रवाळ. दुसरे मांडे. ते म्हणजे तर भाषेच्या शिक्षकाला आयतीच पर्वणी. कणीक तिंबायची, सारण भरायचं, लाटायचं, मग दोन्ही हातांवर खेळवत कापडासारखं पातळ करायचं, उपड्या खापरावर पसरायचं, भाजायचं आणि गरम असतानाच घडी घालायची. एका पदार्थात सात-आठ क्रियापदं. ती आजीच्या हातांकडे बघत एकदा ऐकली, तर मुलाला तक्त्यावरून घोकावी लागणार नाहीत.

निपाणीचा धडा वेगळा, थोडा जड. कोल्हापूरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गालगतचं हे गाव तंबाखूवर वाढलं. काळ्या रानात तंबाखू पिकायचा, तो वखारींत यायचा, तिथे बायका धुळीत बसून दिवसभर राबायच्या आणि घरोघरी विड्या वळल्या जायच्या. वखारीतल्या या बायका संघटित झाल्या आणि त्यांच्या लढ्यावर १९८२ साली ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटानं माहितीपट केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१ मध्ये, तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांचे जीव गेले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे सांगता येतं आणि सांगावंही. आजोबा ज्या गावचे, त्या गावानं काय सोसलं, हे त्याला मराठीतूनच कळायला हवं.

गावाला लागूनच अर्जुननगर आहे. तिथलं देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत येतं, त्यामुळे निपाणीची मुलं कॉलेजला जाताना रोज राज्य बदलतात. सीमा हा शब्द मुलांना समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही.

फावल्या वेळातूनही असे धडे मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावची मुलं गल्लीगल्लीत मातीचे किल्ले बांधतात. शिवजयंतीला निघणारी चित्ररथांची मिरवणूक बघायला आसपासच्या खेड्यांतून माणसं लोटतात. आखाडे आहेत, भजनी मंडळं आहेत, पंढरीची वारी आहे. वाचनाचा नाद जुना. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, तर बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ १९१९ मध्ये सुरू केला. १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथूनच जोर चढला. आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा अशा खेड्यांत गावकरी वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलनं भरवतात. ग्रंथदिंडी निघते, शेतावरची कामं आवरून माणसं मांडवात येऊन बसतात. महाराष्ट्रातल्या किती खेड्यांत हे घडतं?

सीमाभागाचा नमुना घेण्यावर पहिला आक्षेप येतो तो भाषेच्या शुद्धतेचा. सीमाभागातल्या मराठीवर कन्नडची छाया आहे. ‘होय की’, ‘आलो की’ असं वाक्य वळतं, बायकाही ‘मी जातो’ म्हणतात, अक्का आणि अण्णा दोन्ही भाषांत वावरतात. अशी मराठी शाळेत आली तर मुलं प्रमाण भाषा कधी शिकणार, अशी काळजी शिक्षकांना वाटते. काळजी खरी आहे, पण तिचं उत्तर इथल्याच मातीत मिळतं.

सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी केला आणि तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आजही तो शिकवला जातो. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरांत उर्दू आणि इतर बहुतेकांच्या घरांत मराठी बोलली जात होती. शतकानुशतकांच्या शेजारानं या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यायचं. तरीही कुठलीच भाषा नाहीशी झाली नव्हती. घरची भाषा घराची ओळख म्हणून टिकून होती आणि चारचौघांत मराठी सगळ्यांना चालत होती. म्हणजे वाक्याचं वळण शेजाऱ्याकडून आलं म्हणून भाषा मरत नाही. ती मरते घरात बोलायची बंद झाल्यावर. परदेशातल्या घरांना धोका आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा. आजीसारखं बोलल्याबद्दल ज्या मुलाच्या वहीत लाल रेघ उमटते, ते मूल आजीशी इंग्रजीत बोलू लागतं.

इटलीचं उदाहरण इथे पुन्हा उपयोगी पडतं. १८६१ साली इटली एक झाली, तेव्हा फक्त अडीच टक्के लोक इटालियन बोलत होते असा तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. बाकीचे आपापल्या प्रांताची बोली बोलत. मिलानचा कादंबरीकार मांझोनी यानं तर आपली गाजलेली कादंबरी फ्लॉरेन्सच्या वळणाच्या भाषेत नव्यानं घडवून १८४० नंतर पुन्हा छापली. पण प्रमाण भाषा घराघरांत पोचवण्याचं काम एकट्या कादंबरीनं केलं नाही. १८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुसी यानं ठिकठिकाणचे पदार्थ एकत्र करून पाकपुस्तक काढलं आणि इटलीच्या स्वयंपाकघरांना एक समान भाषा मिळायला त्याचा मोठा हातभार लागला. पदार्थ गावोगावचे राहिले, ते सांगायची भाषा सगळ्यांची झाली. मराठी शाळांना हाच क्रम घेता येईल: आधी गावची गोष्ट गावच्या बोलीत, मग तीच गोष्ट प्रमाण मराठीत.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातल्या ज्या वादात अडकला आहे, तो अजून मिटलेला नाही. त्यासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच ठेवावं असं सुचवलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा वेळी कन्नडमिश्रित मराठीचं कौतुक केलं, तर सीमावासीयांच्या लढ्याला धक्का बसेल असं काहींना वाटतं. पण हा लढा मराठीतून शिकण्याच्या, मराठीत कागदपत्र मिळण्याच्या, मराठीत जगण्याच्या हक्कासाठी आहे. तो लढणारी माणसं बाजारात, कचेरीत, शेजारी कन्नड बोलतात आणि घरी मराठी. त्यांची मराठी जशी आहे तशी मान्य करणं हा त्यांच्या बाजूनं उभं राहण्याचाच भाग आहे.

आणि ही मराठी साहित्यात कधीच कमी ठरली नाही. पु. ल. देशपांडे बेळगावात प्राध्यापक होते. तिथल्या रावसाहेबांचं जे व्यक्तिचित्र त्यांनी लिहिलं, त्यातून ती कन्नड वळणाची बोली काढली तर रावसाहेब उरत नाहीत. इंदिरा संत यांची कविता बेळगावच्या घरात लिहिली गेली आणि त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी ‘वनवास’पासून पुढच्या पुस्तकांत लंपन नावाचा मुलगा उभा केला. लंपन याच भागातला, आजी-आजोबांकडे राहणारा, कानावर पडलेली कन्नड आपल्या मराठीत सहज मिसळणारा. परदेशातल्या दहा-अकरा वर्षांच्या मराठी मुलाला लंपनइतका जवळचा सोबती दुसऱ्या कुठल्या पुस्तकात भेटणार? शाळांच्या वाचनयादीत त्याचं स्थान पहिलं असावं.

या भागात भाषा ओलांडून जाणारी माणसंही आहेत. बेळगावजवळच्या सुळेभावीत, कन्नड घरात, ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ पुढे कुमार गंधर्व झाले आणि मराठी रसिकांनी त्यांना आपलं मानलं. धारवाडचे द. रा. बेंद्रे मराठीभाषक घरातले; कन्नड कवितेसाठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं. बेळगावात वाढलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि कथा मात्र मराठीत लिहीत. दोन-तीन भाषांमध्ये वाढणं म्हणजे उणीव, असं ज्या मुलांना वाटतं, त्यांना ही तीन नावं सांगावीत.

बेळगावची एक गोष्ट युरोपातल्या मंडळांनी तर आवर्जून शिकवावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटचे जवान इटलीत लढले. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी तोच सन्मान मिळाला. पेरुजा प्रांतातल्या मोंतोने गावानं २०२३ च्या जुलैमध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारलं. इटलीतल्या मराठी मुलाला एका दिवसाच्या सहलीत ते बघता येईल आणि परत येऊन त्याबद्दल मराठीत पानभर लिहिता येईल.

हे सगळं शाळेत आणणं अवघड नाही. येत्या सत्रात प्रत्येक मुलानं आपल्या मूळ गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला दर पंधरवड्याला फोन करावा. पहिल्या फोनला घराची आणि गल्लीची माहिती, दुसऱ्याला एक पदार्थ, तिसऱ्याला त्यांच्या लहानपणचा खेळ, चौथ्याला त्यांचं काम. उत्तरं ऐकली तशीच लिहून आणावीत. वर्गात त्याच मजकुराची प्रमाण मराठी शेजारच्या पानावर लिहावी, म्हणजे मुलाला दोन्ही रूपं समोरासमोर दिसतील आणि कुठलंही खोडावं लागणार नाही. घरातले आई किंवा वडील कन्नडभाषक असतील, तर त्यांनाही एक दिवस वर्गात बोलवावं. दोन भाषांत सारखे असलेले शब्द मुलांनी त्यांच्याकडून गोळा करावेत. विदर्भ, खानदेश, कोकण, गोवा इथल्या घरांनी हाच उपक्रम आपापल्या गावासाठी करावा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूची जी कुटुंबं मंडळात आहेत, त्यांनी सुरुवातीला पुढे यावं, कारण त्यांच्या घरी हे साहित्य तयार आहे. वर्षाअखेरीस मुलांच्या वह्यांतली निवडक पानं मंडळाच्या अंकात छापावीत, त्यांच्याच वाक्यांत, आणि संपादकांनी त्यातलं ‘होय की’ तसंच राहू द्यावं.