आणि प्यालेला असता तर?

(द्वितीय वर्ष, कला)

रक्त पाहिले की आपण धावतो. कोणाचे बोट कापले तर अख्खी आळी हळद घेऊन हजर होते. पण डोक्यावर आपटलेला माणूस उठून उभा राहिला, कपडे झटकून "काही नाही झालं" म्हणाला, की जमलेली गर्दी सुटकेचा निःश्वास टाकून पांगते. शिकलेले आणि न शिकलेले, दोघेही येथे सारखेच फसतात, असे मला वाटते.

कवटी ही एक बंद पेटी आहे. हाताला सूज आली तर ती बाहेर दिसते. कवटीच्या आत रक्त साठले तर त्याला वाट नसते, ते मेंदूलाच दाबू लागते. कानशिलापाशी हाड पातळ असते आणि त्याच्या आतून रक्तवाहिनी जाते. तेथे मार बसला तर माणूस कधी कधी काही मिनिटे, कधी काही तास अगदी बरा दिसतो आणि मग कोसळतो. हा मधला काळ फार फसवा!

२० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात आपला कसोटीपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी चालत तंबूत परतला. थोड्या वेळाने त्याची प्रकृती ढासळली. शस्त्रक्रिया झाली, पण २३ तारखेला तो गेला. त्याआधी, मार्च १९६२ मध्ये, बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याची कवटी फुटली होती. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता आणि आपल्या नाशिकात जन्मलेले बापू नाडकर्णीही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचला; कसोटी सामना मात्र पुन्हा खेळला नाही.

मैदानावर पडणाऱ्याकडे हजारो डोळे लागलेले असतात. परांचीवरून पडणाऱ्याकडे कोण पाहते?

माझे मामा गवंडी आहेत. दोन वर्षांपूर्वी ते परांचीवरून पडले. उठले, चहा घेतला, पुन्हा थापी हातात धरली. संध्याकाळी घरी येताना बसथांब्यावर त्यांची जीभ जड झाली, पाय लटपटले, दोनदा उलटी झाली. लोकांनी निदान केले, "टाकून आलाय!" सिमेंटने मळलेला सदरा आणि अडखळती जीभ, निदानाला एवढे पुरेसे होते. शेवटी एका रिक्षावाल्याला त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. माळकरी माणूस पिणार नाही, एवढ्या तर्कावर त्याने मामांना दवाखान्यात नेले, म्हणून मामा आज आहेत.

आमच्या घरी सगळे त्या माळेचे उपकार मानतात. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न छळतो. माळ नसती तर? आणि मामा खरोखरच प्यालेले असते तर? प्यालेला माणूस पडण्याची शक्यता अधिक, आणि दारूमुळे मेंदूच्या इजेची लक्षणे झाकली जातात. म्हणजे ज्याला सोडून आपण पुढे जातो, त्याच्याकडेच अधिक लक्ष द्यायला हवे. माणसाचा जीव त्याच्या अब्रूच्या दाखल्यावर अवलंबून असू नये.

मग पाहायचे काय? १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी शुद्धीचे मोजमाप तीन गोष्टींवर बसवले : डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसे. गुण देणे डॉक्टरांचे काम, पण पाहणे आपल्यालाही जमेल. मार लागल्यावर क्षणभर तरी शुद्ध हरपली, वारंवार उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, बोलणे अडखळले, झटके आले, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, एका बाजूचा हातपाय दुबळा झाला, नाकाकानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव आला, झोपेतून जागा करता येईना : यांतले एकही दिसले तरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, मान हलू देऊ नये, तोंडात पाणी ओतू नये. काही दिसले नाही तरी एक-दोन दिवस माणसाला एकटे सोडू नये. वृद्धांत तर रक्त हळूहळू साठून लक्षणे काही आठवड्यांनीही दिसतात.

काही लक्षणे घरातच राहतात. मामा आता चटकन चिडतात, सांगितलेले विसरतात. नातेवाईक म्हणतात, स्वभाव बिघडला. तो स्वभाव नव्हे, ती इजा आहे, हे मामीला समजावून सांगायलाही कोणी नव्हते.

पोलिसांचे झंझट नको म्हणून आपण मागे सरतो. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" ही मोहीम निघाली होती. मोहिमा येतात आणि जातात. हेल्मेट आरशाला अडकवण्याची आपली कला मात्र टिकून आहे!

आपल्यापैकी कित्येकजण घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. दवाखान्याची चिठ्ठी घरात आपणच वाचतो. तेव्हा प्राध्यापकांना माझी विनंती आहे की राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात एक तास या लक्षणांसाठी द्यावा. आणि शिबिरानंतर आपण विद्यार्थ्यांनी ती मोठ्या अक्षरांत लिहून, सकाळी मजूर जेथे कामासाठी उभे राहतात, त्या नाक्यावर जाऊन वाचून दाखवावीत.