बरं असतानाची दुर्बीण

अंगात काही दुखत नसताना दवाखान्यात जायचं, हे आपल्या घरांना पटत नाही. ताप आला, पाय मुरगळला, छातीत कळ आली, तर सगळं घर धावून येतं. पण जेवण नीट चाललंय, झोप लागतेय, वजनही जागेवर आलंय, आणि तरी सून मोठ्या आतड्याची दुर्बीण करून घ्यायला निघाली म्हटल्यावर सासूबाई विचारणारच, "अगं, पण आता तर तुला काही होत नाही ना?" काही होत नाही म्हणूनच जायचं असतं, हे मी त्यांना दर खेपेला सांगते. आज तेच जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, बारीक जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते. शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ती का उलटते याचं एकच एक कारण वैद्यकाला अजून सापडलेलं नाही; घराण्यातला कल, आतड्यातले जंतू, राहणीमान असं बरंच काही त्यात गुंतलेलं आहे. आजार महिनोन्महिने शांत राहतो आणि मग एकदम उसळतो. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण कायमचा जात नाही. त्याचा सख्खा शेजारी म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो.

रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो मूळव्याध. इथे गुजरातेत, बडोद्याजवळच्या वाघोडियात शेजारणी म्हणतात हरस-मसा, आणि त्यावरच्या हमखास इलाजाच्या जाहिराती रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या असतात. मूळव्याध असतेही पुष्कळांना. पण रक्ताबरोबर आव पडत असेल, कळ आली की दोन मिनिटंसुद्धा थांबवत नसेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन खाली जात असेल, तर मलम लावून गप्प बसण्यात अर्थ नाही. कोलायटिस बहुतेकांना ऐन तरुणपणी गाठतो. त्या वयातली मुलं ही गोष्ट आईलाही सांगत नाहीत, आणि मुलगी असली तर विचारूच नका. लग्नाच्या बाजारात हा आजार लपवला जातो. खरं तर आजार शांत असताना दिवस राहिले, तर बहुतेक बायकांचं बाळंतपण नीट पार पडतं. लपवून औषधं बंद केली, तर मात्र धोका वाढतो.

आमच्या घरात आजार कळला तेव्हा एका नातेवाईकांनी माझं ताट-भांडं वेगळं ठेवायला सुचवलं होतं. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या लहानपणी पोटाचा आजार म्हणजे पाण्यातून येणारा आजार. बडोद्याला आमच्या तालुक्यातल्या आजवा सरोवराचं पाणी 1892 पासून मिळू लागलं. शहराला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून सयाजीराव महाराजांनी ते काम करून घेतलं. पण हा आजार पाण्यातून येत नाही, उष्ट्यातून येत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उलट ज्या ज्या देशांत शहरं आणि कारखाने वाढले, तिथे तिथे तो वाढत गेला. आधी युरोप-अमेरिकेत, आता आपल्याकडे.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, जो लंडन-न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना क्वचितच पडतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून जवळजवळ सारखे दिसतात. दोन्हीत लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथेच जखमा असतात, तसाच ताप, तसंच वजन उतरणं. उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. क्रोन्सवरची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. ती क्षयाच्या रुग्णाला दिली तर क्षय भडकतो. म्हणून शंका राहिली की अनेकदा आधी क्षयाची औषधं देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते बघतात. वाघोडिया तालुक्यात आज दोन मोठी शिकवणारी रुग्णालयं आहेत, पिपरियाचं धीरज आणि लिमड्याचं पारुल सेवाश्रम. पूर्वेकडच्या गावांतून, छोटा उदेपूरकडून येणारे किती तरी लोक पोट धरून बाकांवर बसलेले दिसतात. तेव्हा मला थोरले माधवराव पेशवे आठवतात. 18 नोव्हेंबर 1772 ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते थेऊरला आतड्याच्या क्षयाने गेले, असं आपण सगळे शिकलो. त्यांच्या पोटात नेमकं काय चाललं होतं ते बघण्याचं साधन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

ते साधन यायला पुढे दोनशे वर्षं लागली. लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी 1859 मध्ये कोलायटिसचं वर्णन केलं ते शवविच्छेदनावरून. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकड्या वाटेनंही नेता येतं, हे 1954 मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं. 1969 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचीक दुर्बीण पूर्ण मोठ्या आतड्यात फिरवली आणि आतले कोंब, म्हणजे पॉलिप, तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापून काढले. त्याआधी पोट उघडल्याशिवाय हे जमत नव्हतं. पाच फुटांच्या त्या नळीच्या आत डोकावण्यासाठी माणसाने किती कष्ट घेतलेत, हे कळल्यापासून मला या तपासणीची लाज वाटेनाशी झाली.

आता सासूबाईंचा प्रश्न. बरं असताना का?

कोलायटिस वर्षानुवर्षं राहिला की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता इतरांपेक्षा वाढते. 2001 मध्ये जुन्या अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा हे प्रमाण आजाराच्या दहा वर्षांनी 2 टक्के, वीस वर्षांनी 8 आणि तीस वर्षांनी 18 टक्के असं निघालं होतं. नंतरच्या अभ्यासांत ते बरंच कमी दिसतं, आणि त्यामागे चांगली औषधं आणि ही वेळच्या वेळची दुर्बीण आहे असं मानतात. म्हणून पहिली लक्षणं दिसल्यापासून साधारण आठ वर्षांनी ही राखणीची तपासणी सुरू करायची असते. वर्षं मोजायची ती लक्षणांपासून, निदानापासून नव्हे. ज्याचं निदानच तीन वर्षं मूळव्याधीच्या नावाखाली लांबलं, त्याने ती तीन वर्षंही धरायची. पुढची दुर्बीण एका वर्षाने, तीन वर्षांनी की पाच वर्षांनी, हे आतड्याचा किती भाग धरलाय, सूज किती आहे, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का, यावर ठरतं. पित्तनलिकांचाही आजार जोडीला असेल, तर दर वर्षी.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की कोलायटिसमधला कर्करोग नेहमीच कोंबासारखा वर उठून दिसत नाही. कधी तो अस्तरातच सपाट पसरतो. तो ओळखण्यासाठी डॉक्टर कधी कधी आतड्यावर निळं रंगद्रव्य फवारतात, म्हणजे बदललेल्या जागेच्या कडा उठून दिसतात. पण आजार उसळलेला असताना सगळंच अस्तर लाल, सुजलेलं, रक्ताळलेलं असतं. तेव्हा काय सुजेचं आणि काय घातक, हे डोळ्यांना कळत नाही आणि काढलेल्या तुकड्यावरून सूक्ष्मदर्शकाखालीही नीट सांगता येत नाही. उसळलेल्या आजारातही दुर्बीण करावी लागते, पण तिचं काम वेगळं. राखणीची तपासणी करायची ती शांत आतड्याची. दुखायला लागल्यावर जाऊ असं म्हणणाऱ्याची ही वेळ हमखास चुकते.

लोक घाबरतात ते मात्र दुर्बिणीला नाही, आदल्या दिवसाला. त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण सगळं त्यावरच अवलंबून असतं. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, सालं, बिया, तीळ, दाणे बंद. वांगं-टोमॅटोच्या बियासुद्धा आतड्याला चिकटून बसतात. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवायच्या, कारण त्यांनी आत काळा थर बसतो. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं चालू असतील, तर तेही विचारूनच. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारी पेयं: नारळपाणी, गाळलेला मोसंबीचा रस, लिंबू-साखर-मीठ, कोरा चहा. "उपवासच आहे म्हणायचा, मग थोडी खिचडी खा," असं घरून प्रेमाने सांगितलं जातं. साबुदाणा नाही, भगर नाही, दूध नाही. मग पोट साफ करणारी ती पावडर. दोन लिटर पाण्यात कालवलेली, खारट-गोडसर. अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. एकाच वेळी सगळी पिण्यापेक्षा अशी वाटून प्यायली की आतडं जास्त स्वच्छ होतं. गार करून प्यावी, मधे लिंबाचा थेंब जिभेवर घ्यावा. गुदद्वाराजवळची कातडी सोलवटू नये म्हणून सुरुवातीपासूनच खोबरेल तेल लावत राहावं, हे मला एका नर्सने सांगितलं आणि त्या एका वाक्याने पुढच्या साऱ्या खेपा सुसह्य केल्या. बाहेर येणारं पाणी फिकट पिवळं आणि स्वच्छ दिसू लागलं की काम झालं. ही स्वच्छताही तपासणारे 0 ते 9 अशा गुणांत मोजतात. कमी गुणांच्या आतड्यात काही दिसलं नाही, याचा अर्थ तिथे काही नव्हतं असा होत नाही.

प्रत्यक्ष तपासणी त्यामानाने सोपी. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, गुंगीचं इंजेक्शन मिळतं. दुर्बीण आत जाताना ताण जाणवू शकतो, पण तुकडा काढलेला कळत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला ताणलेलं कळतं, कापलेलं कळत नाही. खरी पाहणी दुर्बीण बाहेर काढताना होते आणि त्यासाठी निदान सहा मिनिटं द्यावीत असा दंडक आहे. कोलायटिसमध्ये त्याहून जास्त. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण तो साध्या तपासणीत हजारात एकाहूनही कमी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत घरचं माणूस न्यायचं.

मधल्या वर्षांत जगायचं कसं? औषध बरं वाटतं म्हणून सोडायचं नाही, हे पहिलं. मेसालामाइनच्या गोळ्या मी आजार शांत असतानाही घेते. त्या शांततेसाठीच त्या असतात. स्टेरॉइड मात्र उसळीपुरतं. जुनी चिठ्ठी दाखवून ते दुकानातून परस्पर आणून घेत राहणाऱ्यांची हाडं आणि साखर दोन्ही बिघडतात. गुडघ्यासाठी, डोक्यासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनीही आजार उसळू शकतो. खाण्याचं पथ्य प्रत्येकाचं वेगळं. बडोद्याची सेव-उसळ मला आजही आवडते. उसळीच्या काळात तिच्याकडे बघत नाही, शांत दिवसांत थोडी खाते. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. औषधांच्या जोरावर त्यांनी तो देश सर्वांत जास्त काळ चालवला, आणि 2020 मध्ये आजार उसळल्यावर कारण जगासमोर सांगून पायउतार झाले. पंतप्रधान आपल्या आतड्याबद्दल वार्ताहर परिषदेत बोलू शकतात, तर आपण जेवणाच्या टेबलावर नाही तरी स्वयंपाकघरात आईशी बोलू शकतो.

गेल्या वर्षी लिमड्याच्या एका वसतिगृहात राहणारी खानदेशातली एक मुलगी ओळखीतून माझ्याकडे आली. सामाईक संडास, सकाळची रांग, मेसचं तिखट, आणि 2024 पासून पडणारं रक्त. मैत्रिणींना वाटायचं, ही परीक्षेच्या भीतीने सारखी पळते. दुर्बीण झाली, कोलायटिस निघाला, औषधांनी ती आता वर्गात पूर्ण तास बसते. वडिलांचा फोन आला: "ताई, हे गावात कोणाला कळू देऊ नका." मी कुणाला सांगणार नव्हतेच. पण तिच्या भावाला सांगा म्हटलं, कारण भावंडांत याची शक्यता थोडी जास्त असते आणि त्याला रक्त दिसलं तर त्याने वर्षं घालवू नयेत. मुलीला म्हटलं, फायलीच्या पहिल्या पानावर 2032 लिही, राखणीच्या तपासणीचं साल. तोवर शिक्षण संपेल, गाव बदलेल, डॉक्टर बदलतील. नवा डॉक्टर आधी हेच विचारेल की दुर्बीण कुठपर्यंत गेली होती, आतडं किती स्वच्छ होतं, तुकड्यांत काय निघालं. म्हणून फोटोंसह अहवाल आणि तुकड्यांचा वेगळा अहवाल, जो आठवडाभराने येतो आणि आणायचा राहून जातो, दोन्ही मागून घेऊन जपायचे.