डोळ्यांचा नट

शनिवार पेठेतून अप्पा बळवंत चौकाकडे निघालं, की जुन्या प्रभात टॉकीजची आठवण निघते आणि पाठोपाठ शांतारामबापूंची. दिग्दर्शक म्हणून त्यांच्याबद्दल दुमत नाही. नट शांताराम म्हटलं की मात्र लोक जरा गालातल्या गालात हसतात. हे हसू निम्मंच योग्य आहे. 1925 च्या बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मधला तरुण शेतकरी हाच माणूस होता, दिग्दर्शन ‘नेताजी पालकर’पासून, म्हणजे 1927 पासूनचं. तरी ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या त्यांच्या तीन भक्कम चित्रपटांत ते पडद्यावर कुठेच नाहीत. ‘कुंकू’तला म्हातारा नवरा केशवराव दात्यांनी केला, ‘माणूस’मधला पोलीस शाहू मोडकांनी.

मग नट म्हणून ते कच्चे होते असं म्हणावं, तर 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ आडवा येतो. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. पण त्यातला जेलर करतो काय? सहा खुन्यांना उघड्या माळावर आणतो आणि त्यांच्याकडे बघतो. बेड्या नाहीत, पहारा नाही, नुसती नजर. ‘अमृतमंथन’मध्ये कॅमेरा राजगुरूच्या एका डोळ्यावर नेऊन भिडवणाऱ्या दिग्दर्शकाला नजरेची ताकद चांगली ठाऊक होती. सहा आडदांड माणसांकडून हवं ते करून घेणं हे दिग्दर्शकाचंच काम, म्हणून ती भूमिका त्यांना अंगच्या कपड्यासारखी बसली. चारच वर्षांनी ‘स्त्री’मध्ये साठीच्या उंबरठ्यावर ते दुष्यंत झाले, तिथे प्रेमिक हवा होता; तो काही उभा राहिला नाही.

हौसेपुढे त्यांना स्वतःची मर्यादा कळली नाही, असा आक्षेप येईल. ‘स्त्री’पुरता तो मान्य. पण 1972 चा ‘पिंजरा’ बघा. मूळ जर्मन ‘ब्लू एंजल’मध्ये एमिल यानिंग्जचा प्राध्यापक विदूषक होऊन आपल्याच गावात परततो आणि वर्गातल्या टेबलाला घट्ट धरून मरतो. बापूंनी शेवट बदलला: इथले मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात आणि गावात त्यांचा पुतळा उभा असतो. मास्तरांच्या आदर्शाचा ताठा बापूंना शोभला असता. पण पुढे त्या मास्तरांना तमाशाच्या फडात लाचार व्हायचं होतं, आणि ते काम त्यांनी श्रीराम लागूंना दिलं.