मुलाचे पाय लाळेंत दिसतात काय ?

अलीकडे बाजारांत एक नवी पत्रिका आली आहे. मुलाची लाळ कुपींत घालून धाडा, पैसे भरा, म्हणजे तो पैलवान होईल कीं नाहीं हें सांगतों, असें कांहीं कंपन्या सांगत सुटल्या आहेत. पूर्वीं जोशीबुवा ग्रह पाहून नशीब सांगत व दक्षिणा घेत. आतां लाळ पाहून सांगतात, एवढाच काय तो फरक! शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, सावध राहा.

शास्त्राशीं आमचें वैर नाहीं. शास्त्र काय म्हणतें तेंच नीट ऐका. आपल्या स्नायूंत कांहीं तंतू चपळ व कांहीं चिवट असतात. चपळ तंतूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ नांवाचें प्रथिन असतें. एसीटीएन-३ या जनुकाची आईकडून आलेली व बापाकडून आलेली अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर तें तयार होत नाहीं. अव्वल दर्जाच्या वेगवान धावपटूंत असे लोक फार थोडे, असें २००३ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांस आढळलें. या एका जनुकाचा केवढा गाजावाजा ! पण माणसामाणसांच्या वेगांत व ताकदींत जो फरक असतो, त्याच्या शंभर हिश्शांपैकीं जेमतेम दोन-तीन हिस्से या जनुकाचे. स्पेनमध्यें तर ऑलिंपिकांत उतरलेला लांब उडीचा एक खेळाडू या प्रथिनावांचून सांपडला !

जुळ्यांच्या तपासणीवरून ताकदींतील सुमारें निम्मा फरक आनुवंशिक ठरतो, हें खरें. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. शिवाय हा हिशेब ज्यांस सारखें खायला मिळतें त्यांचा. एकाच पोत्यांतले दाणे काळ्या रानांत व मुरमाड माळावर पेरून, माळावरचें कणीस बारीक म्हणून बियाण्यास दोष देणाऱ्यास कोणता कुणबी शहाणा म्हणेल ?

रक्ताचें हें खूळ आम्हांस नवें नाहीं. १८९० नंतरच्या दशकांत इंग्रज सरकारनें 'लढाऊ जातीं'ची यादी पुढें करून महारांस पलटणीचें दार बंद केलें. १९४१ सालीं युद्धाची गरज पडतांच महार रेजिमेंट उभी केली. मधल्या काळांत रक्त बदललें होतें काय ?

कोणी म्हणेल, 'खाण तशी माती'. गोळेश्वरचे खाशाबा जाधव पैलवानाचेच पुत्र ना? होय, पण बापानें रक्ताबरोबर डावपेचही दिले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसे नव्हते, तेव्हां लोकांनीं वर्गणी जमविली, प्राचार्य खर्डेकरांनीं घर गहाण टाकलें. तेव्हां कुठें स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक घरीं आलें. त्या वेळीं कमी पडला तो पैसा, रक्त नव्हे!

खेळाडू निवडण्यास अशा तपासण्यांचा कांहीं उपयोग नाहीं, असा निर्वाळा या विषयांतील तज्ज्ञांनीं २०१५ सालींच दिला आहे. सबब आमचें सांगणें इतकेंच : लाळेचे पैसे दुधाला घाला. पोरांना व पोरींनाही आखाड्यांत उतरवा. कोणी कागद दाखवून तुमच्या लेंकरास दारांतून परत पाठवूं लागला, तर त्यास विचारा, "आधीं खुराक, वस्ताद आणि मॅट दिलीस काय ?" तें दिल्यावर कोण चीत होतो, हें मातीच ठरवील.